ऐक्य सप्ताहात दुसऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जाताना

ख्रिस्ती ऐक्यासाठीचा प्रार्थना सप्ताह दरवर्षी १८ ते २५ जानेवारीला असतो. नाव सप्ताह असले तरी दिवस मोजले की आठ भरतात. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, मार थोमा, ऑर्थोडॉक्स, मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) अशा निरनिराळ्या परंपरांची चर्च एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असली, की तिथे बहुधा एकेका संध्याकाळी एकेका चर्चमध्ये सभा ठेवतात. काही ठिकाणी आठ दिवसांत मिळून एकच संयुक्त उपासना होते.

सभांची यादी हाती आली की लोक सवयीने आपल्याच चर्चमधली संध्याकाळ निवडतात. ती यजमान म्हणून करायचीच, पण पाहुणे म्हणून जायला निदान एक संध्याकाळ दुसऱ्यांकडची निवडा. आपल्या चर्चमध्ये कधी उठायचे, कधी बसायचे हे अंगवळणी पडलेले असते, त्यामुळे तिथे फारसे काही नवे कळत नाही. शिवाय सगळ्यांनी असेच केले तर प्रत्येक चर्चमध्ये त्याच चर्चचे लोक दिसतात आणि ऐक्य फक्त फलकावर उरते.

तारखांमागचे कारण समजले तर पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. १९०८ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रेमूर इथे पॉल वॉटसन या अँग्लिकन धर्मगुरूंनी हे आठ दिवस पाळायला सुरुवात केली. त्या वेळच्या पंचांगात १८ जानेवारीला संत पेत्राच्या धर्मासनाचा सण होता आणि २५ला संत पौलाच्या परिवर्तनाचा. या दोन प्रेषितांमधले ते आठ दिवस. पुढच्याच वर्षी वॉटसन आपल्या संघासह कॅथलिक चर्चमध्ये गेले, आणि प्रार्थनेचा सूरही 'सगळ्यांनी रोमकडे यावे' असा राहिला. साहजिकच इतरांना तो पचेना. १९३०च्या दशकात फ्रान्समधल्या लिआँचे फादर पॉल कूत्युरिए यांनी सूर बदलला: ख्रिस्ताला हवे तसे ऐक्य, त्याला हव्या त्या मार्गाने. आज एखादा मुक्तिफौजेचा कॅप्टन आणि एखादे फादर एका मंचावर उभे राहून प्रार्थना म्हणू शकतात, ते या एका वाक्यामुळे. १९६८पासून सप्ताहाचे साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून काढतात. मूळ मसुदा दरवर्षी वेगळ्या देशातला गट लिहितो. २०१३चा मसुदा भारतातल्या स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटने लिहिला होता. त्याला बायबलमधल्या मीखा या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाचा आधार होता आणि दलितांवरच्या अन्यायाचा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी होता.

जाण्याआधी

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारच्या सूचना नीट ऐका. सभांची यादी साधारण तेव्हाच वाचली जाते किंवा सूचनाफलकावर लागते. नसेल तर पॅरिश ऑफिसात किंवा पाळकसाहेबांना फोन करून चार प्रश्न विचारा. वेळ काय? भाषा कोणती? प्रभुभोजन (भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा विधी) किंवा कॅथलिकांकडचा तोच विधी म्हणजे मिस्सा आहे, की फक्त शब्दाची उपासना, म्हणजे वाचने आणि प्रार्थना? चपला बाहेर काढायच्या का? भाषेचा प्रश्न मुंबईत विशेष महत्त्वाचा, कारण एकाच सभेत मराठी, इंग्रजी, कोकणी, मल्याळम आणि तमिळ अशा पाच भाषांतली वाचने असू शकतात. घरातल्या ज्येष्ठांना नेणार असाल तर हे आधी कळलेले बरे.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि तो रविवार पुष्कळदा याच सप्ताहात येतो. फोर्टमधले सेंट थॉमस कॅथीड्रल किंवा कुलाब्याकडच्या एखाद्या चर्चमध्ये त्या सकाळी जायचे असेल तर रस्ते बंद असतात हे धरून चाला. लोकलने चर्चगेटला उतरून पायी जाणे सोपे. (चर्चगेट हे नाव ज्या चर्चमुळे पडले ते हेच सेंट थॉमस, १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले.) नाशिक-नगरकडे संध्याकाळची सभा मैदानात किंवा मांडवात असेल तर शाल हवीच. साडेसहाला बरे वाटते, आठ वाजता थंडी बोचू लागते.

पोशाख साधा आणि खांदे-गुडघे झाकणारा असला की कुठेही चालतो. स्त्रियांनी पदर, ओढणी किंवा स्कार्फ जवळ ठेवावा. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आणि काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये प्रार्थनेच्या वेळी स्त्रिया डोके झाकतात, कॅथलिक चर्चमध्ये आता तशी सक्ती नाही. चपलांचे म्हणाल तर केरळच्या सिरियन परंपरेतली (मार थोमा, ऑर्थोडॉक्स) चर्च आणि खेड्यांतली कित्येक मराठी चर्च त्या बाहेर काढायला लावतात, शहरी कॅथलिक चर्चमध्ये सहसा काढत नाहीत. दारात चपलांची रांग दिसली की उत्तर मिळाले.

पंधरा मिनिटे आधी पोहोचा. उपासनेच्या क्रमाच्या पत्रिका दारातच वाटतात आणि उशिरा येणाऱ्यांपर्यंत त्या पुरत नाहीत. पत्रिका नसेल तर अशा सभेत माणूस हरवतो, कारण इथला क्रम कुणाच्याच रोजच्या उपासनेसारखा नसतो.

आत गेल्यावर

बसायला तिसरा-चौथा बाक उत्तम. पुढचे एक-दोन पाहुण्या धर्मगुरूंसाठी आणि वाचकांसाठी राखलेले असतात. अगदी मागे बसलात तर पुढचे कधी उठतात ते दिसते, पण ऐकू कमी येते. खेड्यात सतरंजीवर बसायचे असेल तर पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला अशी रीत असू शकते. आधी आलेले कसे बसले आहेत ते पाहून बसा.

कॅथलिक चर्चमध्ये दारापाशी पवित्र पाणी असते आणि वेदीजवळ तांबडा दिवा तेवत असतो. तिथे कॅथलिक माणूस उजवा गुडघा टेकतो. तुम्ही कॅथलिक नसाल तर मान किंचित लववून पुढे जा, नाहीतर तसेच शांतपणे जाऊन बसा. कुणी टोकणार नाही. बघून बघून अर्धवट गुडघा टेकणे मात्र टाळा, ते ना नमन होते ना शिष्टाचार. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पडद्यामागचा भाग फक्त दीक्षित सेवकांचा असतो. फोटो काढायच्या नादात तिकडे जाऊ नका.

संबोधनात गोंधळ होतो तो असा. कॅथलिकांना 'फादर', सीएनआय किंवा मेथडिस्टांना 'पाळकसाहेब' वा 'रेव्हरंड', मार थोमा आणि ऑर्थोडॉक्सांना 'अच्चन', मुक्तिफौजेच्या अधिकाऱ्यांना त्यांच्या हुद्द्याने 'मेजर' किंवा 'कॅप्टन'. चुकलात तरी कुणी रागावत नाही. 'जय ख्रिस्त' मात्र सगळीकडे चालते.

उपासनेचा क्रम साधारण असा असतो: प्रवेशगीत, स्वागत, पापकबुली आणि समेटाची प्रार्थना, दोन किंवा तीन शास्त्रवाचने, संदेश, मतांगीकार (श्रद्धेची ठरलेल्या शब्दांतली कबुली), मध्यस्थीच्या म्हणजे इतरांसाठीच्या प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, शांतीची देवाणघेवाण, आशीर्वाद. सव्वा ते दीड तास लागतो. वेळ लांबते ती बहुतेक एकाच कारणाने, ते म्हणजे संदेश एकाने द्यायचा ठरलेला असतो आणि ऐनवेळी तिघांना 'दोन शब्द' बोलायला सांगितले जाते. शेवटची लोकल किंवा एसटी गाठायची असेल तर कडेच्या बाकावर बसा.

सगळे मिळून म्हणतात तेव्हा

गंमत अशी की सगळ्यांना पाठ असलेल्या प्रार्थनेतच जास्त अडखळायला होते. प्रभूची प्रार्थना सुरू होते, दोनशे लोक एका आवाजात म्हणत असतात, आणि 'वाईटापासून सोडव' इथे कॅथलिक थांबतात. प्रॉटेस्टंट तसेच पुढे 'कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव...' म्हणत राहतात. ही कुणाची चूक नाही. मिस्सामध्ये त्या ठिकाणी धर्मगुरूंची एक छोटी प्रार्थना येते आणि गौरवाचे शब्द त्यानंतर म्हणतात. सभेच्या पत्रिकेत बहुधा पूर्ण रूप छापलेले असते. पाठ म्हणण्यापेक्षा डोळे कागदावर ठेवा, कारण मधल्या शब्दांतही भाषांतरागणिक फरक असतो आणि आपल्या सवयीचा शब्द मोठ्याने म्हटला की शेजाऱ्याची लय तुटते.

मतांगीकारातही दोन जागा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. 'सार्वत्रिक' मंडळीवर विश्वास आहे असे म्हणताना काही जुन्या भाषांतरांत 'कॅथलिक' शब्द येतो. तिथे त्याचा अर्थ सगळ्या जगाची, सगळ्या काळांची मंडळी असा आहे, एका संप्रदायाचे नाव म्हणून तो आलेला नाही. दुसरी जागा निकियाच्या मतांगीकारातली. पवित्र आत्मा पित्यापासून 'आणि पुत्रापासून' निघतो, यातले अवतरणातले दोन शब्द ऑर्थोडॉक्स म्हणत नाहीत, कारण मूळ ग्रीक पाठात ते नव्हते. पत्रिकेत ते गाळलेले दिसले तर मुद्रणदोष समजून पेनाने भरू नका. हा मतांगीकार ज्या परिषदेपासून सुरू झाला ती निकियाची परिषद इसवी सन ३२५ची. तिला १७०० वर्षे झाली म्हणून २०२५च्या सप्ताहाचा विषय तिच्याशी जोडलेला होता.

तुमच्या श्रद्धेत न बसणारे एखादे वाक्य आले, समजा संतांना केलेली विनंती, तर ते म्हणू नका. गप्प राहणे इथे अपमान ठरत नाही. मनात नसताना ओठ हलवण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे, आणि यजमानांनाही त्याची कल्पना असते. घरातले ज्येष्ठ कॅथलिक यायला कां-कूं करत असतील तर त्यामागचे कारणही समजून घ्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी कॅथलिकांना इतरांच्या उपासनेत भाग घ्यायला मनाई होती. परिषदेने १९६४ मध्ये ऐक्यावरचा दस्तऐवज मंजूर केला आणि संयुक्त प्रार्थनेची वाट मोकळी झाली.

कम्युनियनचा प्रश्न

बहुतेक संयुक्त सभांत भाकर आणि प्याला मुद्दाम ठेवतच नाहीत, कारण तिथेच सगळे वेगळे होतात. पण तुमची संध्याकाळ मिस्साची किंवा प्रभुभोजनाची असेल तर काय करायचे ते आधी ठरवून जा. रांग सुरू झाल्यावर विचार करायला वेळ नसतो. शेजारी उठला म्हणून माणूस उठतो आणि वेदीपुढे जाऊन गोंधळतो.

कॅथलिक मिस्सामध्ये कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाचा वाटा, कॅथलिकांनाच दिले जाते. अपवाद आहेत, पण ते ऐनवेळी रांगेत ठरत नाहीत. ऑर्थोडॉक्स चर्चचा नियमही असाच कडक आहे. सीएनआयमध्ये आणि कित्येक प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये आपापल्या चर्चमध्ये प्रभुभोजन घेणाऱ्या, बाप्तिस्मा झालेल्या इतर ख्रिस्ती लोकांना घेता येते. पाळक तसे आधी जाहीर करतात, नाही केले तर विचारा. कॅथलिक माणसाला मात्र तिथे त्याच्या स्वतःच्या चर्चचा नियम आड येतो. यजमान 'या' म्हणाले तरी तो बसूनच राहील, त्याला आग्रह करू नका. मुक्तिफौजेत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे संस्कारच नाहीत. त्यांच्याकडच्या संध्याकाळी हा प्रश्न येत नाही, बँड मात्र ऐकायला मिळू शकतो.

घेणार नसाल तर बाकावर बसून राहा आणि गुडघे बाजूला वळवून इतरांना वाट द्या. काही चर्चमध्ये दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून पुढे गेले तर धर्मगुरू फक्त आशीर्वाद देतात. ही पद्धत सगळीकडे नाही, म्हणून आधी विचारूनच वापरा. हातात ख्रिस्तशरीर (कम्युनियनची भाकर) आलेच तर ते खिशात ठेवून बाहेर आणू नका. कॅथलिकांच्या दृष्टीने याहून मोठा अनादर नाही. अशी चूक झाल्याचे लक्षात आले तर लगेच फादरांकडे द्या. प्रॉटेस्टंट पद्धतीत छोटे पेले वाटतात तेव्हा पेला हातात धरून थांबायचे, सगळे एकदमच घेतात.

एकत्र बसूनही एका मेजावर जेवता येत नाही, हे अनेकांना टोचते. टोचू द्या, सप्ताह त्यासाठीच आहे. पण भावनेच्या भरात नियम मोडून ते मिटत नाही. उलट दुसऱ्या वर्षी यजमान सभाच ठेवायला कचरतात.

तुम्हाला काही वाचायला किंवा म्हणायला सांगितले तर

वाचन आदल्या दिवशी मागून घ्या आणि घरी तीनदा मोठ्याने वाचा. 'थेस्सलनीकाकरांस' सारखा शब्द माइकसमोर पहिल्यांदा उच्चारायचा नसतो. माइकपासून एक वीत अंतर ठेवा. वचनांचे आकडे वाचू नका. शेवटी कोणते वाक्य म्हणायचे ते पत्रिकेत दिलेले असते, तेवढेच म्हणा. वाचनातून निघणारा आपला 'छोटासा विचार' जोडण्याचा मोह आवरा. आणखी एक: कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. यादीत बेन सिरा किंवा शलमोनाचा ज्ञानग्रंथ असेल तर तुमच्या पवित्र शास्त्रात ते सापडणार नाही. पाने उलटत बसू नका, छापील उतारा मागा.

मध्यस्थीची प्रार्थना चार-पाच वाक्यांची असावी, एका मिनिटात संपणारी. तिच्यात प्रवचन नको. कुणाचे आजारपण, कुणाच्या घरातले भांडण नावानिशी सांगू नका. माइकवर गेलेली गोष्ट प्रार्थना म्हणून निघते आणि बातमी म्हणून घरी पोहोचते. कूत्युरिए यांचा सूर इथे उपयोगी पडतो. 'त्यांना सत्य कळू दे' असली प्रार्थना या सभेत चालत नाही, कारण 'ते' दोन बाक सोडून बसलेले असतात. 'आम्हाला' म्हणा. काही मंडळ्यांत सगळे एकाच वेळी मोठ्याने आपापली प्रार्थना करतात. सवय नसेल तर घाबरून जाऊ नका. डोळे मिटून मनात म्हणा, दोन-तीन मिनिटांत आवाज आपोआप उतरतो.

गाण्यांत अडचण वेगळीच. 'उपासना संगीत' हे प्रॉटेस्टंट गीतपुस्तक घरून आणले तरी कॅथलिक गीतपुस्तकातले क्रमांक त्याच्याशी जुळत नाहीत. शब्द तेच असले तरी चाल निराळी असू शकते. नारायण वामन टिळकांची भजने या बाबतीत सगळ्यांना जवळची वाटतात. पेटी, तबला, झांज असली की मतभेद बाजूला पडतात. तरी पहिले कडवे ऐका आणि दुसऱ्यापासून गा. आपल्याच चर्चची चाल जोरात ओढणारा एखादा प्रत्येक सभेत असतो, तो आपण होऊ नये एवढे पाहिले तरी पुष्कळ.

मेणबत्त्या पेटवायच्या असतील तर एक नियम: पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची आणि न पेटलेली तिच्याकडे वाकवायची. उलटे केले की वितळलेले मेण शेजाऱ्याच्या हातावर सांडते. पदर आणि ओढणी खोचून घ्या, मोकळे केस बांधा, आणि लहान मुलांच्या हातात पेटती मेणबत्ती एकट्याने देऊ नका. पंखे बंद केले नसतील तर आधीच सांगा, नाहीतर अर्धा वेळ पुन्हा पेटवण्यात जातो.

शांतीच्या वेळी हात जोडून नमस्कार सर्वांत सोयीचा. कुणी हात पुढे केला तर हस्तांदोलन करा. शेजारच्या चार-पाच जणांपुरतेच ठेवा, सगळा हॉल फिरायचा नसतो. दानार्पणाला सुटी नोट आधीच वेगळी काढून ठेवा. पैसे कशासाठी आहेत ते सहसा जाहीर करतात. न टाकता थाळी पुढे दिली तरी चालते.

ख्रिस्ती नसलेल्यांनीही यायला हरकत नाही. कुठे सही करायची नसते. हात वर करायला किंवा पुढे यायला कुणी सांगितले तरी बसून राहता येते. आणि ख्रिस्ती पाहुण्यांनी आपल्या मंडळीची पत्रके इथे वाटायची नाहीत, दारातसुद्धा नाहीत.

चहाच्या वेळी

खरी ओळख इथेच होते, म्हणून लगेच पळू नका. मरीयेची भक्ती, मूर्ती, लहानपणीचा बाप्तिस्मा असले वाद उभ्या उभ्या सुटत नाहीत. त्यापेक्षा 'तुमच्याकडे रविवारची उपासना कशी असते?' असे विचारा. सीएनआयचे कुणी भेटले तर गप्पा रंगतील. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळी चर्च विलीन होऊन हे चर्च बनले. लहानपणीचा आणि जाणतेपणीचा, दोन्ही बाप्तिस्मे ते मानते. वाद न मिटताही एकत्र राहता येते का, हे त्यांना पन्नासहून अधिक वर्षांच्या अनुभवाने सांगता येते.

खाऊ नेणार असाल तर बिनअंड्याचा न्या. सिरियन परंपरेत बुधवार आणि शुक्रवार उपवासाचे असतात. शिवाय निनवेचा तीन दिवसांचा उपवास काही वर्षी जानेवारीतच येतो, त्यामुळे केकच्या ताटाकडे बघून काही जण नुसताच चहा घेतात. शेंगदाण्याची चिक्की, केळी, चिवडा सगळ्यांना चालतो.

निघण्यापूर्वी गीतपुस्तक जागेवर ठेवा आणि पत्रिका मात्र घरी न्या. तिच्यात बहुधा आठही दिवसांची वाचने दिलेली असतात, चुकलेल्या संध्याकाळी ती घरी वाचता येतात. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया त्याची उपासना लिहून देतात आणि अनेक चर्चच्या स्त्रिया मिळून ती चालवतात. तुमच्या भागात ती कुणाकडे आहे ते चहा पिता पिताच विचारून ठेवा.